५० आणि ३० न्यूटनची बेरीज ४४ की ७०? बलांची बेरीज आकृतीने आणि आकड्यांनी

कागलहून रोज कोल्हापूरला अकरावी सायन्सला येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात होती. ५० न्यूटन आणि ३० न्यूटन अशी दोन बलं एका बिंदूवर लागतात, दोघांमध्ये ६० अंशांचा कोन आहे. तिने त्रिकोण नियमाने आकृती काढली तर परिणामी बल (दोघांची बेरीज होऊन येणारं एकच बल) ४४ न्यूटन आलं आणि सूत्रात आकडे घातले तर ७०. पुन्हा काढली तरी तेच. यातलं खरं कुठलं? सूत्र आहे तर आकृती काढायचीच कशाला? आणि बलं दोनाऐवजी तीन-चार असली तर काय करायचं?

मी कोल्हापुरातच अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हा ४४ चा आकडा मला ओळखीचा आहे. दरवर्षी जून-जुलैत वर्गातल्या कितीतरी वह्यांत तो दिसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. बलांची बेरीज कच्ची राहिली तर पुढचे न्यूटनचे नियम, उतार, घर्षण, अगदी बारावीतलं विद्युत क्षेत्रसुद्धा कच्चंच राहतं.

आधी उत्तर. ७० बरोबर आहे. तुझी पट्टी चुकली नाही, पेन्सिलही चुकली नाही. कोन चुकीच्या बाजूने मोजला गेला.

दोन बलांमधला कोन ६० अंश म्हणजे काय, ते नीट बघ. दोन्ही बाणांची शेपटं एकाच बिंदूवर ठेवली तर त्यांच्यात जी फट पडते ती ६० अंशांची. आता त्रिकोण नियमात आपण काय करतो? दुसरा बाण उचलतो आणि त्याचं शेपूट पहिल्या बाणाच्या टोकावर नेऊन ठेवतो. बाण सरकवताना त्याची दिशा तसूभरही बदलायची नाही. पण शेपूट टोकाला लागल्यावर त्रिकोणाच्या आत जो कोन तयार होतो, तो ६० चा नसतो. तो १८० वजा ६०, म्हणजे १२० अंशांचा असतो. तू पहिल्या बाणाच्या टोकावर कोनमापक ठेवलास आणि मागे वळून, आलेल्या रेषेपासूनच ६० अंश मोजलेस. त्यामुळे तुझा दुसरा बाण पुढे जायच्या ऐवजी मागे वळला आणि त्याने पहिल्या बाणाला मदत करायच्या ऐवजी त्याचं थोडं बल खाल्लं.

पद्धत अशी ठेव. पांढरा कोरा कागद घे, रेघांची वही नको. प्रमाण मोठं घे, १ सेंटिमीटर म्हणजे ५ न्यूटन. अ पासून ब पर्यंत १० सेंटिमीटरची रेघ, म्हणजे ५० न्यूटन. आता ब च्या पुढे तीच रेघ तुटक-तुटक वाढव. कोनमापक ब वर ठेव आणि या तुटक रेघेपासून ६० अंश मोज. त्या दिशेने ६ सेंटिमीटरची रेघ काढ, तिच्या टोकाला क म्हण. शेवटी अ आणि क जोड. पट्टी लाव, लांबी १४ सेंटिमीटरच्या आसपास येईल, म्हणजे ७० न्यूटन. अ पाशी अब आणि अक यांतला कोन मोज, तो २२ अंशांच्या जवळ येईल. परिणामी बलाचं परिमाण लिहिलं आणि दिशा लिहिली नाही तर उत्तर अर्धंच झालं, हे कायम लक्षात असू दे.

ती तुटक रेघ आळसाने टाळू नकोस. माझ्या अनुभवात त्रिकोण नियमातल्या बहुतेक चुका ही एक रेघ काढली की थांबतात.

तुझ्या ४४ कडे पुन्हा एकदा बघू, कारण तो आकडा टाकाऊ नाही. समांतरभुज चौकोन काढून बघ. एका बिंदूपासून १० आणि ६ सेंटिमीटरच्या बाजू, मध्ये ६० अंश, मग समोरच्या दोन समांतर बाजू. या चौकोनाला कर्ण दोन. दोन्ही शेपटं जिथे आहेत त्या बिंदूतून निघणारा कर्ण १४ सेंटिमीटर भरतो, ती बेरीज. दोन बाणांची टोकं जोडणारा दुसरा कर्ण भरतो ८.७ सेंटिमीटर, म्हणजे ४३.६ न्यूटन. ही दोन बलांची वजाबाकी आहे. समज, एका कडीला ३० न्यूटनचं बल आधीच एका दिशेने लागलेलं आहे आणि तुला एकूण परिणाम ५० न्यूटनचा, त्यापासून ६० अंश वळलेल्या दिशेने हवा आहे. तर आणखी किती बल लावायचं? ४३.६ न्यूटन. म्हणजे तू वेगळ्या प्रश्नाचं उत्तर काढलंस.

इथे एक धोका सांगून ठेवतो. पुष्कळ मुलं यावरून ठरवून टाकतात की लांब कर्ण म्हणजे बेरीज. तसं नाही. कोन ९० पेक्षा मोठा झाला की बेरजेचा कर्णच आखूड होतो. कर्ण लांबीवरून ओळखायचा नाही, तो कुठून निघतो यावरून ओळखायचा.

आता एक सवय, जी मला सूत्रापेक्षाही महत्त्वाची वाटते. उत्तर काढायच्या आधी ते कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये असायला हवं हे ठरव. ५० आणि ३० एकाच दिशेने ओढत असतील तर ८०, विरुद्ध ओढत असतील तर २०. उत्तर याच्या बाहेर जाऊच शकत नाही. मग काटकोनाची स्थिती बघ: २५०० अधिक ९०० म्हणजे ३४००, त्याचं वर्गमूळ ५८.३. कोन ९० पेक्षा लहान असेल तर बलं एकमेकांना मदत करतात, म्हणून उत्तर ५८.३ पेक्षा जास्तच हवं. ६० अंशांसाठी उत्तर ५८ आणि ८० च्या मध्ये. तुझं ४४ इथेच पकडलं गेलं असतं, कॅल्क्युलेटरला हातही न लावता.

हे सगळं अंगवळणी पडलं का बघायला एक गणित करून बघ: ८० न्यूटन आणि ५० न्यूटन, मध्ये १२० अंश. आधी हद्द ठरव. किमान ३०, कमाल १३०, काटकोनाला ९४.३. कोन ९० च्या वर, म्हणून उत्तर ३० आणि ९४ च्या मध्ये. मग आकृती काढ. तुटक रेघ विसरलीस तर ११३-११४ येईल आणि हद्दच तुला सांगेल की काहीतरी बिघडलंय. बरोबर उत्तर याही वेळी ७० न्यूटनच आहे, फक्त दिशा ८० न्यूटनच्या बलापासून सुमारे ३८ अंशांवर.

तू जर्नलबद्दलही विचारलंयस, की ४४ खोडून ६९.८ लिहू का. नको. आकृती नव्याने काढ आणि जे मोजमाप येईल ते लिही. ६९.५ आलं तर ६९.५, ७०.५ आलं तर ७०.५. हातच्या आकृतीत एवढा फरक पडणारच आणि तो का पडतो हे सांगता येतं. ५ न्यूटनला १ सेंटिमीटर या प्रमाणात पट्टीवर १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की अर्धा न्यूटन हलतो. कोनमापकात १ अंश चुकला तर या गणितात परिणामी बल साधारण एक तृतीयांश न्यूटनने बदलतं. दोन्ही मिळून पाऊण-एक न्यूटनचा फरक समजण्यासारखा आहे, सव्वीस न्यूटनचा नाही. परीक्षकालाही सूत्रातून उचललेला आकडा आणि मोजलेला आकडा यांतला फरक कळतो. आकृती जितकी मोठी, तितकी चूक लहान. जर्नलच्या कोपऱ्यात तीन सेंटिमीटरचा त्रिकोण काढून कुणालाच नीट उत्तर मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न, सूत्र असताना आकृती कशाला.

बलांची बेरीज समांतरभुज चौकोनाने होते, ही गोष्ट गणितातून आपोआप निघत नाही. निसर्ग तसा वागतो म्हणून आपण तसं करतो. उतारावर ठेवलेलं वजन किती बलाने तोलावं लागतं, हे सायमन स्टेव्हिन या डच गणितज्ञाने १५८६ साली छापलेल्या पुस्तकात दाखवलं. त्यासाठी त्याने एका त्रिकोणी ठोकळ्यावरून सोडलेली गोळ्यांची माळ कल्पिली होती. शंभर वर्षांनी, १६८७ साली, न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त गतीचे तीन नियम मांडले आणि त्यांच्या पाठोपाठचं पहिलंच उपप्रमेय बलांच्या समांतरभुज चौकोनाचं दिलं. आज तू ज्या खुणांनी सदिश, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशी, लिहितेस, त्यांचं बीजगणित तेव्हा नव्हतं. ते अमेरिकेतला गिब्ज आणि इंग्लंडमधला हेविसाइड या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलं. मधली दोनशे वर्षं बलांचं काम आकृतीवरच चाललं. १८६६ मध्ये कार्ल कुलमान या इंजिनिअरने तर आकृतीने बलं काढण्याचं एक पूर्ण शास्त्र पुस्तकरूपाने मांडलं आणि लोखंडी पुलांच्या कैच्यांमधला, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांमधला, ताण इंजिनिअर लोक ड्रॉइंग बोर्डावर पट्टीने मोजून काढत असत. सूत्र हे त्या आकृतीचंच आकड्यांत लिहिलेलं रूप आहे. आकृती न काढता सूत्र वापरणाऱ्याला आपण कुठला कोन घालतोय हेच ठाऊक नसतं, आणि तुझी मूळ अडचण कोनाचीच होती.

तुमच्या प्रयोगशाळेत ज्या उभ्या लाकडी फळीवर दोन पुली असतात, ते ग्रेव्हसँडचं उपकरण. विलेम ग्रेव्हसँड हा लायडनचा प्राध्यापक, न्यूटनचं भौतिकशास्त्र उपकरणांनी करून दाखवण्यासाठी नावाजलेला. त्याचा काळ १६८८ ते १७४२. हा प्रयोग उरकून टाकू नकोस. तीन दोरे एका गाठीत बांधायचे, दोन पुलींवरून दोन पारडी, मधल्या दोऱ्याला तिसरं. गाठ जिथे स्थिर होते तिथे तीन बलांचा समतोल असतो. मागच्या कागदावर दोऱ्यांची जागा खुणावताना आरशाची पट्टी दोऱ्यामागे धर. दोरा आणि त्याचं प्रतिबिंब एकमेकांवर आलं की मगच खूण कर, नाहीतर डोळा तिरका पडतो.

पुलीच्या घर्षणामुळे गाठ खऱ्या जागेच्या अलीकडे-पलीकडे अडकून बसते. म्हणून गाठ बोटाने जरा वर ढकलून सोड, कुठे थांबते बघ. मग जरा खाली ओढून सोड. दोन जागा वेगळ्या आल्या तर मधली जागा धर. एवढं केलंस तर दोन बलांच्या चौकोनाचा कर्ण आणि तिसरं वजन जवळजवळ जुळतं, आणि कर्ण बरोबर त्या तिसऱ्या दोऱ्याच्या विरुद्ध दिशेला येतो. वजनं ग्रॅममध्येच ठेवलीस तरी चालतं. तिन्ही बलांत गुरुत्वत्वरण सारखंच असल्यामुळे प्रमाण बिघडत नाही. फक्त पारड्याचं स्वतःचं वजन मिळवायला विसरायचं नाही.

तिसरं वजन हे परिणामी बल नसतं, हे इथे ध्यानात घे. ते परिणामी बलाएवढंच पण उलट दिशेचं संतुलक बल असतं. तीन बलांचा समतोल असेल तर ते तीन बाण शेपटाला टोक जोडत गेल्यावर त्रिकोण पूर्ण बंद होतो.

आता सूत्र. दोन बलांसाठी तू वापरलंस ते: पहिल्याचा वर्ग, अधिक दुसऱ्याचा वर्ग, अधिक दोघांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले कोनाचा कोसाइन, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. २५०० अधिक ९०० अधिक १५०० म्हणजे ४९००, वर्गमूळ ७०. बरोबर आहे, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना यावर फार विसंबू देत नाही. हे सूत्र फक्त दोन बलांना चालतं. तीन बलं आली की आधी दोघांची बेरीज, मग तिचा तिसऱ्याशी कोन, मग पुन्हा सूत्र, आणि या खटाटोपात दिशा हरवते. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून घटकांची पद्धत धर. तीच पुढे इंजिनिअरिंगपर्यंत पुरते.

एक्स-अक्ष ५० न्यूटनच्या बलावरच ठेव, म्हणजे काम निम्मं होतं. त्या बलाचे घटक ५० आणि शून्य. ३० न्यूटनचं बल अक्षापासून ६० अंशांवर, म्हणून त्याचा एक्स-घटक ३० कोसाइन ६०, म्हणजे १५, आणि वाय-घटक ३० साइन ६०, म्हणजे २५.९८. एक्सची बेरीज ६५, वायची २५.९८. पायथागोरसने ७०. दिशेसाठी २५.९८ भागिले ६५, त्याचा उलटा टॅन २१.८ अंश. आकृतीत २२ च्या जवळ येईल म्हटलं होतं, ते हेच.

कोसाइन कुठे आणि साइन कुठे याचा घोळ मुलं पाठांतराने मिटवू बघतात: एक्सला कोसाइन, वायला साइन. हे पाठ करू नकोस. कोन ज्या अक्षापासून मोजलाय त्या अक्षावरच्या घटकाला कोसाइन. कोन उभ्या अक्षापासून दिला असेल तर उभ्या घटकाला कोसाइन लागेल आणि आडव्याला साइन. उतारावरच्या ठोकळ्याचं वजन उताराच्या दिशेने 'एमजी साइन थीटा' का होतं, हा तुझा पुढच्या महिन्यातला प्रश्नही इथेच सुटतो: वजनाची दिशा आणि उताराला लंब असलेली रेघ यांच्यात तो थीटा असतो, म्हणून कोसाइन लंबाकडे जातो.

तीन बलांसाठी आपल्या इथलं उदाहरण घेऊ. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या येतात, ते तू पाहिलं असशीलच. उंचच उंच काठी खाली एक जण पेलतो आणि काठीला वर बांधलेले दोर चहूबाजूंनी माणसं धरून असतात. कोण किती ओढतोय आणि कुठल्या दिशेला, यावर काठीचा तोल. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यापेक्षा सुंदर प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

गणितासाठी आकडे मी ठरवतो आणि सगळे दोर काठीच्या एकाच जागी बांधलेत असं धरतो. वरून, आकाशातून बघितल्यासारखी आकृती काढू. पूर्व म्हणजे एक्स-अक्ष, उत्तर म्हणजे वाय-अक्ष. तीन दोरांची आडवी ओढ अशी: १२० न्यूटन सरळ पूर्वेला, १५० न्यूटन पूर्वेपासून डावीकडे १३० अंशांवर, ९० न्यूटन २५० अंशांवर.

एक्स-घटक: १२०, उणे ९६.४, उणे ३०.८. बेरीज उणे ७.२.
वाय-घटक: शून्य, ११४.९, उणे ८४.६. बेरीज ३०.३.

परिणामी बल साधारण ३१ न्यूटन. आता दिशा काढताना सावध राहा. कॅल्क्युलेटरवर ३०.३ भागिले उणे ७.२ चा उलटा टॅन काढलास तर तो उणे ७७ अंश दाखवेल. म्हणजे काठी आग्नेयेकडे झुकतेय, असं होईल. पण घटक काय सांगतात? एक्स उणे, वाय अधिक, म्हणजे पश्चिम आणि उत्तर. काठी उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलणार. खरा कोन १८० वजा ७७, म्हणजे १०३ अंश. उलट्या टॅनला दोन समोरासमोरच्या दिशांतला फरक कळत नाही. तो तुला चिन्हांवरून ठरवावा लागतो. म्हणून मी सांगतो, घटकांची बेरीज झाली की आधी छोटी कच्ची आकृती काढ आणि बाण कुठल्या चरणात पडतो ते बघ, मग कॅल्क्युलेटर. आणि कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे की रेडियनवर, हेही. कोसाइन ६० चं उत्तर अर्धा आलं तर डिग्रीवर आहे, उणे ०.९५ आलं तर रेडियनवर.

काठी सरळ राहायला चौथ्या माणसाने ३१ न्यूटनने उलट्या दिशेला, म्हणजे २८३ अंशांवर, ओढायला हवं.

हेच आकृतीने करायचं तर १ सेंटिमीटरला १० न्यूटन या प्रमाणात १२, १५ आणि ९ सेंटिमीटरचे बाण एकामागे एक जोडायचे. क्रम कुठलाही घे, शेवट एकाच बिंदूवर येतो. हे एकदा खरंच करून बघ, कारण बेरजेचा क्रम बदलून चालतो हे वाचण्यापेक्षा पटणं वेगळं. पण इथे आकृतीची मर्यादाही दिसते. ३६ सेंटिमीटरचा प्रवास करून उरलेली फट फक्त ३.१ सेंटिमीटर आहे. वाटेत तीन मिलिमीटर चुकले की उत्तर दहा टक्क्यांनी हलतं. मोठमोठी बलं एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात आणि थोडंसं उरतं, अशा वेळी नेमका आकडा घटकांनीच काढावा आणि आकृती दिशा तपासायला ठेवावी.

या उदाहरणातली मला सर्वात आवडणारी गोष्ट अजून राहिली. दोर जमिनीकडे तिरके येतात. समज, तिन्ही दोर जमिनीशी ४५ अंशांचा कोन करतात. मग प्रत्येक दोराची जेवढी आडवी ओढ, तेवढीच खाली ओढ. आडव्या ओढी वेगवेगळ्या दिशांना असल्याने एकमेकींना खातात, ३६० मधून ३१ उरतात. खालच्या ओढी मात्र सगळ्या एकाच दिशेला, सरळ खाली. त्यांची साधी बेरीज होते: १२० अधिक १५० अधिक ९०, म्हणजे ३६० न्यूटन. काठीच्या स्वतःच्या वजनाशिवाय जवळजवळ ३७ किलोचा भार पेलणाऱ्याच्या अंगावर. सगळ्यांनी एकाच वेळी दुप्पट जोराने ओढलं तर काठी जास्त सरळ होत नाही, खालच्या माणसावरचं दोरांचं ओझं मात्र दुप्पट होतं. म्हणून दोर हवा तेवढाच ताणायचा, कलेल तसा सैल-घट्ट करायचा.

दोर वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले असतील तर नुसती बलांची बेरीज पुरत नाही, बलाचं आघूर्ण म्हणजे टॉर्क लागतो. ते पुढे येईल. आत्ता त्यात शिरू नकोस.

शेवटचं उदाहरण शिरोली एमआयडीसीतलं, कारण तुमच्यातली बरीच मुलं पुढे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, जातील. तिथे क्रेनने जड कास्टिंग (ओतून तयार केलेला धातूचा भाग) उचलताना हुकापासून दोन साखळ्या तिरक्या खाली येतात आणि कास्टिंगच्या दोन कड्यांना लागतात. कास्टिंग १००० किलोचं धर, म्हणजे वजन ९८०० न्यूटन. दोन्ही साखळ्या सारख्या तिरक्या. बहुतेकांना वाटतं की प्रत्येक साखळीवर निम्मा भार, ४९०० न्यूटन. साखळ्या सरळ उभ्या असत्या तर तसंच झालं असतं. तिरक्या साखळीचा फक्त उभा घटक वजन पेलतो. आडवा घटक समोरच्या साखळीच्या आडव्या घटकाशी झुंजण्यात जातो आणि कास्टिंगला आतल्या बाजूला दाबतो.

साखळी आडव्याशी जो कोन करते तो थीटा धरला तर ताण येतो वजन भागिले दोन साइन थीटा. ६० अंशांना ५६६० न्यूटन. ४५ ला ६९३०. ३० अंशांना साइन अर्धा असल्यामुळे ताण पुरा ९८०० न्यूटन, म्हणजे प्रत्येक साखळीवर अख्ख्या कास्टिंगएवढा. १५ अंशांना जवळजवळ १८९००, वजनाच्या दुपटीच्या आसपास. आखूड साखळी वापरून कोन सपाट केला की साखळी वजनाने नव्हे, कोनाने तुटते. आकृती काढलीस तर हे एका नजरेत दिसतं: त्रिकोणाची उभी बाजू वजनाची, ती कायम तेवढीच. दोन साखळ्यांच्या बाजू जितक्या आडव्या होतील तितक्या त्या उभ्या बाजूची दोन टोकं गाठायला लांब व्हाव्याच लागतात.

कामावर गेल्यावर भार-तक्ता (कुठल्या कोनाला साखळीवर किती भार चालतो ते सांगणारा तक्ता) वाचताना आधी तळटीप बघायची. काही तक्ते कोन आडव्यापासून देतात, काही उभ्यापासून, काही दोन साखळ्यांमधला पूर्ण कोन देतात. आडव्यापासून ३० अंश म्हणजे उभ्यापासून ६० आणि दोन साखळ्यांमध्ये १२०. साखळ्यांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक साखळीवर ५६६० न्यूटन. तेच ६० उभ्यापासून मोजलेले असतील तर ९८००.